एडनला गेलेल्या भाऊजींचा केर

विमानानं मुंबईहून एडनला पोचायला सात तास लागतात. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. (शाळा चौथीत सुटली. चौथीपर्यंत भूगोल आमच्या जिल्ह्याबाहेर पडला नव्हता.) मी ते शिकले चाळीच्या कचराकुंडीत कमरेतून वाकून, अंगावर माझी एकुलती एक जरीकाठी साडी असताना!

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. लालबागला आमची चाळ, चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, आणि खोलीत आम्ही सहा माणसं. सासूबाई, आमचे हे, मी, माझे धाकटे दीर म्हणजे भाऊजी, त्यांची बायको कुमुद आणि लग्नाची नणंद सुमन. सहा माणसांत मोरी एक आणि आरसा एक. मोरीत मी असायची आणि आरशासमोर कुमुद.

कुमुदचा मला कधीही हेवा वाटला नाही. ती माझ्याहून गोरी होती, सातवी पास होती, तिचं माहेर गिरगावात होतं. सकाळी ट्राममध्ये बसावं, आईच्या हातचं जेवावं आणि दिवेलागणीला परत यावं! माझं माहेर देवगडच्या बाजूला. भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची, अख्खा दिवस त्या बोटीच्या कठड्याला धरून ओकायचं आणि अंधारात किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उडी मारायची. पण हेवा? छे! मला हेवा वाटत नाही, असं मी दिवसातून दहा वेळा स्वतःला बजावत असे.

भाऊजी गिरणीत फिटर. त्यांना एडनच्या बंदरात, बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात नोकरी लागली. चाळीतली माणसं याआधीही एडनला, बसऱ्याला गेली होती, पण बोटीनं. भाऊजींना त्या लोकांनी घाईनं बोलावलं आणि विमानाचं तिकीट पाठवलं!

झालं. त्या दिवसापासून कुमुद जमिनीवरून चालायची बंद झाली.

"वहिनी, विमान तासाला तीनशे मैल जातं म्हणे."

"बरं."

"आत बसल्यावर पट्टा बांधतात."

"पडू नये म्हणून बांधत असतील." मी भाकरी थापत म्हटलं.

"आणि जेवण मांडीवर आणून देतात!"

मी सहा वर्षं त्या घरात सगळ्यांना जेवण हातात आणून देत होते, त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. पण ते असो.

आता माझ्याकडे काय होतं ते सांगते. माझ्याकडे एक स्थळ होतं! माझ्या मामेबहिणीच्या सासरच्या नात्यातला मुलगा, राहणार दादर, तार ऑफिसात कारकून, निर्व्यसनी, आणि एकुलता एक. सुमनसाठी ते स्थळ मी आणलं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या माहेरची म्हणून जी वस्तू आली तिला नावंच ठेवली गेली. माहेरचे तांदूळ जाड, माहेरचं लोणचं खारट, माहेरचा भाऊ मुखदुर्बळ. हे स्थळ मात्र ऐकल्याबरोबर सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "थोरले, ह्या काम तू बरा केलंस." सहा वर्षांत पहिल्यांदा! हे लग्न जमलं की घरात माझा एक शब्द चालेल, आणि बिनसलं की जन्मभर जाड तांदळाच्या पंक्तीत बसेन, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मुलाकडच्यांनी रविवार दिला. दुपारी तीन वाजता बघायला येतो म्हणाले.

आणि विमान कधीचं निघालं? त्याच रविवारचं! सकाळी नऊ वाजता! मला तर तेव्हा खात्रीच वाटली, की कुमुदनं आतून काहीतरी वशिला लावून तोच वार काढून घेतला. विमानसुद्धा तिच्या बाजूचं!

रविवारी पहाटेपासून आमच्या खोलीत चाळ लोटली. कुणी झेंडूचे हार आणले, कुणी नारळ. भजनी मंडळानं दोन अभंग म्हटले आणि त्याबद्दल चिरमुरे, शेंगा खाल्ल्या. नारळ दारातच फोडला, त्याच्या शेंड्या तिथंच पडल्या. भाऊजींच्या हातावर दही ठेवलं, ते थोडं खाली सांडलं, त्यावर कुणाचा तरी पाय पडला आणि दह्याची पावलं खोलीभर उमटली. त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी घोषणाच असायच्या. (शेजारीण मीठ मागायला आली तरी "मिळालंच पाहिजे" म्हणायची.) तेव्हा भाऊजी जिना उतरायला लागले तशी गॅलरीतून एकच गर्जना झाली, "सुखरूप पोचलेच पाहिजेत! पोचलेच पाहिजेत!"

टॅक्सीत भाऊजी, कुमुद आणि आमचे हे बसले. एक जागा रिकामी होती. मी नुसतीच जिन्यापाशी उभी राहिले. कुमुद म्हणाली, "वहिनी, तुम्हीपण चला असं म्हणणार होते, पण दूध उतू जाईल ना!" त्या रिकाम्या जागेवर हारांची करंडी सांताक्रूझच्या विमानतळावर गेली!

मी वर आले. दूध उतरवलं. खोलीकडे बघितलं. झेंडूच्या पाकळ्या, शेंगांची टरफलं, नारळाच्या शेंड्या, चिरमुरे, विड्यांची थोटकं आणि दह्याची पावलं! दादरची माणसं तीन वाजता यायची होती. मी पदर खोचला आणि केरसुणीला हात घातला.

"थोरले!" सासूबाईंचा आवाज असा आला की केरसुणी हातातून गळली. "माझो झील आत्ता घराबाहेर पडलो, आणि तू केर काढतंस?"

बरोबरच होतं. माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, हे आमच्याकडे पक्कं. माणूस पनवेलला गेला तर दुपारपर्यंत, पुण्याला गेला तर संध्याकाळपर्यंत, देवगडला गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. सासूबाईंकडे सगळ्या गावांचा हिशोब तोंडपाठ होता. फक्त एडनचा नव्हता.

"आई, एडन कधी पोचतं?" मी भीत भीत विचारलं.

"माका काय म्हायत? परबाक विचार."

परबमामा आमच्या लगतच्या खोलीत राहायचे. बोटीवर खलाशी म्हणून तीस वर्षं काढलेले. मी कधी पुरुषमाणसाशी चार वाक्यं बोलले नव्हते, पण तीन वाजण्याची धास्ती भारी असते. मी उंबऱ्यात उभी राहून जमिनीकडे बघत विचारलं.

"एडन?" परबमामांनी डोळे मिटले. "सोळाशे पन्नास मैल. पाच दिवस. वारो उलटो असलो तर सहा."

हे भिंतीपलीकडून सासूबाईंनी ऐकलं. "मग पाच दिवस केर काढूचो नाय!"

"अहो आई, ते बोटीचे झाले! भाऊजी विमानानं गेलेत!"

"मगे विमानाचा सांग!"

विमानाचं परबमामांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. तीस वर्षं बोटीवर राबून चाळीत मिळवलेला मान भाऊजींनी एका तिकिटात खाऊन टाकला होता. (त्या सकाळी चाळीत मी आणि परबमामा, अशी दोन माणसं विमानावर जळत होतो. पण ते उघड जळत होते, त्यांची चैन होती.) त्यांच्याकडे एक जुना नकाशा मात्र होता. परबमामींनी तो ट्रंकेतून काढून दिला आणि पुन्हा कोळंबी सोलायला बसल्या.

आता मला चौथीतली एकच गोष्ट चांगली येत होती. नकाशावर दोरा लावून अंतर मोजायचं आणि भागाकार करायचा. आमच्या बाईंनी मला त्यासाठी एकदा सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं. (मी लाजून रडले, ते सोडा.) मी शिवणाचा दोरा घेतला. एक टोक मुंबईवर धरलं आणि समुद्रावरून ताणत ताणत अरबांच्या देशाच्या कोपऱ्यात एडनवर नेलं. मग तो दोरा कडेच्या मापाच्या पट्टीवर ठेवला. आले एकोणीसशे मैल.

"सोळाशे पन्नास!" परबमामा गरजले.

"एकोणीसशे येतायत, मामा." मी पुटपुटले.

"तीस वर्षां मी काय नाल्यात बोट चालवलंय?"

मग बऱ्याच वेळानं त्यांना आठवलं की दर्यातला मैल मोठा असतो आणि जमिनीवरचा लहान. मला हे नवीनच. माणसांत थोरले-धाकटे असतात तसे मैलांतसुद्धा असतात! आणि तिथंही थोरल्याच्या वाट्याला आकडा कमीच.

मी भिंतीवर कोळशानं भागाकार केला. कुमुद म्हणाली होती तासाला तीनशे मैल. एकोणीसशेला तीनशेनं भागलं, सहा तास आणि वर वीस मिनिटं. नऊला निघालेलं विमान तीन वाजून वीस मिनिटांनी पोचणार. माझे पाहुणे तीनला येणार! म्हणजे दादरची माणसं वीस मिनिटं उकिरड्यात बसणार. परबमामांच्या मैलांनी केलं तर अडीच वाजत होते. माझा जीव परबमामांच्या मैलांवर जडला, पण विमान हवेतून जाणार, ते दर्याचे मैल मोजील की जमिनीचे, हे कुणालाच सांगता येईना.

साडेदहाच्या सुमाराला कुमुद आणि आमचे हे सांताक्रूझहून परत आले. कुमुदचे डोळे रडून लाल, पण मान ताठ. टरफलांमधून वाट काढत ती थेट देवापाशी गेली आणि तिथं एक लांबट पाकीट ठेवलं. त्यावर विमानाचं रंगीत चित्र होतं.

"हे त्यांच्या तिकिटाचं पाकीट. मला आठवण म्हणून दिलं," ती म्हणाली. "काय ते विमान, वहिनी! आपल्या गिरणीएवढं. माणूस जिन्यानं वर चढतो."

"आपणही जिन्यानंच चढतो की," मी म्हटलं.

आमचे हे मध्येच बोलले. (वर्षाकाठी ते दहाएक वाक्यं बोलत, त्यातलं हे एक.) "पण त्या जिन्यावर कोणी भांडी घासत नव्हतं."

कुमुद डोळे पुसून सासूबाईंजवळ बसली. "आई, आता संध्याकाळपर्यंत आपल्याला थांबायला पाहिजे हं. फार लांबचा प्रवास आहे. दिवेलागणीशिवाय काही पोचत नाहीत ते."

"संध्याकाळपर्यंत?" मी ओरडलेच. "अगं, तीनला पाहुणे येतायत!"

"मग मी काय करू, वहिनी? माझा नवरा काही परळला गेलेला नाही!"

सुमन बिचारी कोपऱ्यात बसून पावडरच्या डबीकडे बघत होती. तिच्या पायाला एक पाकळी चिकटली होती, ती काढायलाही घाबरत होती.

मी देवाला हात जोडायला गेले. खरंच जोडायला गेले. तर समोर ते पाकीट! आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला भाऊजींच्या पेन्सिलीच्या अक्षरात, आईला वाचून दाखवायला म्हणून मराठीत लिहिलेलं, 'मुंबई सुटणार ९. एडन पोचणार १॥.'

दीड! माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. नऊ ते दीड, फक्त साडेचार तास! माझा दोरा खोटा, भागाकार खोटा, परबमामा खोटे. (चौथीत ज्या भागाकारासाठी मला वर्गासमोर उभं केलं, तो मी एका क्षणात सोडून दिला. कारण दीड वाजले की केर काढता येत होता. आणि कारण... थांबा, ते दुसरं कारण सांगतेच.)

"साडेचार तास!" मी पाकीट हातात घेऊन म्हटलं. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. "आई, मला देवगडला जायला अख्खा दिवस लागतो. भाऊजींना एडनला साडेचार तास! म्हणजे भाऊजी माझ्या माहेरापेक्षा जवळच गेले की!"

हे ते दुसरं कारण.

कुमुदचा चेहरा बघण्यासारखा झाला. विमान गेलं, पट्टा गेला, मांडीवरचं जेवण गेलं. तिचा नवरा देवगडच्या अलीकडे उतरला होता! ती म्हणाली, "असं कसं? तासाला तीनशे मैल तर..." पण पुढं तिला भागाकार येईना. मी काही मदत केली नाही.

सासूबाईंनी अक्षर बघितलं. वाचता येत नव्हतं, पण लेकाचं अक्षर ओळखता येत होतं. "त्येनाच लिवल्यान ना? मगे दीड वाजले काय काढ केर."

परबमामांकडे बोटीवरून आणलेलं पितळी घड्याळ होतं. त्यात दीडचा एक ठोका पडला आणि मी केरसुणी घेऊन अशी सुटले म्हणता! कोपरे, पलंगाखाली, पाटाखाली, दाराच्या फटीत. दह्याची पावलं तीन वेळा पुसली. सगळा केर टोपलीत भरला आणि स्वतः खाली जाऊन चाळीच्या कुंडीत ओतून आले. इतक्या आनंदानं मी उभ्या जन्मात केर काढला नव्हता. जिना चढताना मला वाटलं, ते विमान मीच उतरवलंय.

तीन वाजता मंडळी आली. मुलगा आणि मुलाची आई. आई उंच, कडक इस्त्रीचं नऊवारी, चष्मा आणि नजर अशी की खोलीत शिरल्या शिरल्या आधी जमिनीकडे गेली. जमीन आरशासारखी! मी पोह्यांच्या बशा पुढं केल्या. सुमन पाटावर बसली. नाव विचारलं, शिवण विचारलं, आमटीत काय काय घालतेस विचारलं. सुमननं सगळं नीट सांगितलं. कुमुद कोपऱ्यात गप्प बसली होती. सहा वर्षांत ती गप्प आणि मी मध्यभागी, हे पहिल्यांदाच!

मुलगा माझ्यापेक्षा लाजाळू. आल्यापासून त्यानं बशीतले शेंगदाणे मोजण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"अरे, तू काहीतरी विचार," त्याची आई म्हणाली.

तो घामाघूम झाला. बोलायला विषय सापडेना म्हणून भिंतीवर, छतावर, देवावर नजर फिरवली आणि त्याला ते पाकीट दिसलं.

"विमानानं कोण गेलं?"

"माझा धाकटा," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. पाहुण्यांसमोर त्या शुद्ध बोलत. "एडनला. दीड वाजता पोचलासुद्धा."

मुलाचा चेहरा उजळला. अखेर त्याच्या हातात त्याला येणारं काहीतरी आलं होतं! "दीड म्हणजे तिथले दीड. आमच्याकडे तारा येतात ना, आम्हाला रोज हिशोब करावा लागतो. एडनचं घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे. तिथं दीड वाजतो तेव्हा इथं चार वाजलेले असतात." त्यानं मनगटावर बघितलं. "आत्ता साडेतीन होतायत. म्हणजे ते अजून पोचायचेत. समुद्रावरच असतील, हवेत."

आणि तो समाधानानं पोहे खाऊ लागला.

मी मनात बोटं मोजली. नऊ ते चार, सात तास! माझा दोरा खरा होता! सहा तास वीस मिनिटं, वर चढण्याउतरण्याची थोडी. माझा भागाकार खरा होता आणि मी तो...

"अगो थोरले!!" सासूबाई उभ्या राहिल्या. पाहुणे विसरल्या, शुद्ध बोलणं विसरल्या. "माझो झील दर्यार लोंबकळता, पायाखाली जमीन नाय, आणि हिना त्याचो केर काढल्यान!"

कुमुदनं हंबरडा फोडला. "म्हणून घाई केलीत, वहिनी! जवळ गेले, जवळ गेले म्हणत होता ना!"

"आई, चुकलं..." त्या क्षणी मला खरंच भाऊजी दिसले. पट्टा बांधून, मांडीवर जेवण घेऊन, आणि खाली नुसतं पाणी. माझ्या हेव्यापायी ते विमान डगमगत होतं! मी हात जोडून म्हटलं, "काय करू सांगा!"

"काय करू? गेलेलो केर परत हाड! जसो होतो तसो!"

गॅलरीत चाळ जमलीच होती. मुलगी बघायला येतात हे ठाऊक असल्यावर कोण घरात बसेल? मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "केर परत आलाच पाहिजे!" आणि सगळे, "आलाच पाहिजे! आलाच पाहिजे!"

मी जरीकाठी साडीचा पदर खोचला, टोपली उचलली आणि दादरच्या विहीणबाईंच्या (होऊ घातलेल्या, म्हणजे आता न होणाऱ्या) समोरून खाली धावले. गॅलऱ्यांमधून चार मजले मला बघत होते. मी अशी बाई, की नळावर चार बायका असल्या तर रिकामी कळशी घेऊन परत यायची!

कुंडी दीडनंतर आणखी भरली होती. मी कमरेतून वाकले. आता माझा केर कुठला आणि चाळीचा कुठला? मागोमाग कुमुद आली. केर तिच्या नवऱ्याचा, तेव्हा देखरेख नको?

"हा झेंडू आपला नाही, वहिनी. आपला पिवळा होता."

"केशरी पण होता."

"केशरी हार परबमामांनी घातला होता, तो टॅक्सीत गेला. ती शेंडी घ्या. ती आपली."

"आणि हे?"

"ते काय आहे?"

"हाताला ओलं लागतंय."

"असू दे, घ्या! चार वाजायला आलेत! तिकडे ते हवेत आहेत आणि तुम्ही निवडत काय बसलात?"

मी ओंजळी भरभरून जे हाताला येईल ते टोपलीत घातलं, जिना चढले आणि आमच्या आरशासारख्या जमिनीवर, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, टोपली उपडी केली.

विहीणबाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मुलानं पोह्याची बशी छातीशी धरली. सुमन पाटावर बसली होती तिच्याभोवती पाकळ्या, टरफलं आणि आणखी काही काही पसरलं. आणि एक वास उठला. असा वास, की भिंतीवरच्या माझ्या सासऱ्यांच्या फोटोनंसुद्धा तोंड फिरवावं!

"चार वाजेपर्यंत कोणी हलायचं नाही," सासूबाईंनी सांगितलं.

आम्ही सगळे केरात बसून राहिलो. वीस मिनिटं. मी मोजली तेवढीच वीस मिनिटं! मी खाली मान घालून रडत होते. स्थळ गेलं होतं. सुमनचं वय वाढणार होतं आणि प्रत्येक वर्षी मला ऐकवलं जाणार होतं. जाड तांदूळ, खारट लोणचं, आणि केर. आमचे हे माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी विचार बदलला.

परबमामांकडे चाराचे ठोके पडले. सासूबाईंनी देवाला हात जोडले. कुमुदनं डोळे मिटले. गॅलरीतून आवाज आला, "पोचले! पोचले!" जणू सगळ्यांना दिसलंच.

विहीणबाईंनी चष्मा पुसला आणि पाय सावकाश खाली घेतले. "ही थोरली का?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. त्यात अभिमान नव्हता.

"इकडे ये गं."

मी गेले. आता जोड्यानं मारणार, याची तयारी ठेवून गेले.

"दिराच्या जिवासाठी पाहुण्यांची लाज न धरता, चांगल्या साडीनिशी कुंडीत उतरलीस?" त्या म्हणाल्या. "माझी मोठी जाऊ एवढंदेखील करायची नाही. हा माझा एकटाच आहे. तो घराबाहेर असताना घरची माणसं त्याची अशी काळजी करणार असतील, तर मला आणखी काय पाहिजे?" मग सासूबाईंकडे वळल्या. "मुलगी आम्हाला पसंत आहे. कुंकू आणा. आधी हिला लावते."

आधी मला! कुमुदच्या आधी, सासूबाईंच्या आधी, सुमनच्याही आधी! मुलगा शेंगदाणा घशात अडकून खोकायला लागला, सुमन लाजायची विसरून हसायला लागली. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा केराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझी थोरली पहिल्यापासून तशीच."

आणि तेव्हा मी कुमुदकडे बघितलं. तिचे ओठ थरथरत होते. नाक लाल झालं होतं. तिच्याच्यानं राहवेना. भर पाहुण्यांत ती म्हणाली, "पण आई, केर माझ्या नवऱ्याच्या निघण्याचा होता!"

देवाशपथ सांगते, तो चेहरा मी ओळखला. तो माझाच चेहरा होता. गेली सहा वर्षं मोरीतल्या बादलीच्या पाण्यात मी तोच बघत आले होते. मी कपाळावरचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून मान ताठ धरली आणि आरशासमोर जाऊन उभी राहिले. पाहुणे गेल्यावर कुमुद मुकाट्यानं केरसुणी घेऊन बसली. तिनं पहिल्यांदाच त्या घराचा कोपरा न् कोपरा झाडला आणि मला खुर्चीवरून "तो कोपरा राहिला" असं सांगायचं सुख मिळालं.

तेवढ्यात परबमामी दारात आल्या. त्यांनी कुमुदनं केर भरलेल्या सुपाकडे वाकून बघितलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "अगो थोरले, ही कोळंबीची सालां तर माझी!"

जन्मात एकदाच कुणाला माझा हेवा वाटला, तो एका टोपलीभर केराचा. आणि त्यातला अर्धा शेजारणीचा निघाला!